आण्णा रात्री गूळ का खायचे

आण्णांच्या घरात गुळाच्या डब्याला कुलूप होतं. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात ज्यांची अडत, हंगामात ज्यांच्या नजरेखालून रोज गुळाच्या रव्यांच्या थप्प्या जातात, त्यांच्याच घरात. काकूंनी हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं, तेही आण्णांच्या देखत. "रात्री उठून चोरून खात्यात, मॅडम. आन् सकाळी शुगर अडीचशे. किती बोलायचं माणसानं?" आण्णा काही बोलले नाहीत. मांडीवरच्या टोपीची घडी नीट करत बसले.

मी राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात डायबेटिस एज्युकेटर आहे. औषध डॉक्टर ठरवतात. इन्सुलिन कसं टोचायचं, कधी आणि किती खायचं, आणि या दोन्हींवरून घरात जी धुसफूस चालते ती, हे सगळं माझ्या टेबलावर येतं.

आण्णांचा मधुमेह वीस वर्षांचा. सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन, म्हणजे जलद आणि संथ असं एकत्र मिसळलेलं. आधी ते दुसरीकडे दाखवत होते. उपाशीपोटीची साखर वाढलेली दिसली की रात्रीचा डोस दोन-चार युनिटनं वाढायचा. असं करत करत तो 18 वरून 30 वर गेला होता. सकाळचा आकडा मात्र तिथंच. त्यात घरच्यांच्या धाकानं रात्रीचं जेवण एका भाकरीवर आलेलं. आमच्या डॉक्टरांना एक गोष्ट खटकली. रोज सकाळी अडीचशे असणाऱ्या माणसाचं एचबीए1सी 7.4 कसं? ती तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी असते, आणि रोजच्या अडीचशेच्या मानानं 7.4 कमीच. म्हणजे चोवीस तासांत कधीतरी साखर चांगलीच खाली जात असणार. कधी, ते बघायचं म्हणून सेन्सर लावायचं ठरलं.

सेन्सर म्हणजे दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची नाण्याएवढी चकती. तिची केसासारखी बारीक तार कातडीखाली काही मिलिमीटर जाते आणि 14 दिवस तिथंच राहते. ती रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतीच्या पाण्यातली मोजते. त्यामुळे साखर झपाट्यानं चढत-उतरत असेल तर फोनवरचा आकडा रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागं असतो. हे मी प्रत्येकाला सांगते. नाहीतर ग्लुकोमीटर आणि फोन शेजारी ठेवून लोक दोन्ही मशीन खोटी ठरवतात.

फोनचं मात्र नीट बघावं लागतं. आण्णांना मुलानं स्वतःचा जुना स्मार्टफोन दिला होता. त्यात बॅटरी सेव्हर चालू, रात्री आवाज बंद. अशा फोनमध्ये ॲप गपचूप झोपी जातं आणि अलार्म वाजतच नाही. मी दोन्ही सेटिंग बदलून घेतली, 70 च्या खाली अलार्म लावला आणि मुलाच्या फोनवरही आकडे दिसतील अशी सोय केली. फोन दिवाणखान्यात चार्जिंगला नको, उशाशी हवा, हे काकूंकडून दोनदा वदवून घेतलं. मध्ये दोन भिंती आल्या की ब्लूटूथ तुटतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळीच मुलाचा फोन आला. "रात्री अलार्म वाजला, मॅडम. पण आण्णा त्याच कुशीवर झोपल्यात. तुम्ही सांगितलेलं तेच असंल." मी सांगितलेलं खरं होतं. सेन्सरच्या दंडावर झोपलं की तिथं दाब येतो आणि नसलेली लो, म्हणजे साखर खाली गेल्याचा आकडा, दिसते. पण तशी खोटी लो बहुतेकदा एकदम कोसळते आणि कूस बदलली की तितक्याच पटकन वर येते. आण्णांच्या आलेखातली रेष रात्री अकरापासून हळूहळू उतरत गेली होती. मी म्हटलं, "पुन्हा वाजला की बोट टोचून बघा. सगळ्यात आधी ते."

ठरलेल्या दिवशी तिघंही आले. मुलानं फोन माझ्यासमोर ठेवला. रात्रीचे आलेख मी एकाखाली एक उघडत गेले. दहाला 150 च्या आसपास, बाराला शंभर, दोनला सत्तर, अडीचच्या सुमाराला 56. तिथून रेष सरळ उभी चढलेली, पाचला 240. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच, फक्त अर्धा तास उशिरा. मुलानं वहीत लिहून आणलं होतं: पहाटे 2.20, सेन्सर 58, ग्लुकोमीटर 61.

मी आण्णांना विचारलं, "उठता तेव्हा काय होतं?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोटात आग पडत्या. घाम न्हाई, थरथर न्हाई. नुसतं खावं वाटतंय. थांबताच येत न्हाई. लाज वाटत्या, पर हात डब्याकडंच जातोय."

साखर वारंवार खाली गेली की शरीर धोक्याची घंटा वाजवणं कमी करतं. घाम, थरथर, धडधड ही नेहमीची लक्षणं विझत जातात. आण्णांकडे उरली होती ती फक्त भूक. त्या भुकेनंच त्यांना रोज रात्री जागं केलं, आणि वाचवलंही, असं मला मनापासून वाटतं. कुलूप लागल्यावर ते देवघरातल्या प्रसादाची साखर खात होते, हेही त्या दिवशीच कळलं.

मग डॉक्टरांनी फोन काकूंच्या हातात देऊनच समजावलं. मिक्स इन्सुलिनमधला संथ भाग टोचल्यावर साधारण चार ते दहा तासांत जोरात असतो. रात्री आठचा डोस म्हणजे मध्यरात्र ते पहाट. पोटात एक भाकरी आणि वर 30 युनिट, साखर खाली जाणारच. खाली गेली की आण्णा मूठभर गूळ खाणार, सकाळी अडीचशे दिसणार आणि डोस पुन्हा वाढणार. काकूंनी त्या रेषेवरून दोनदा बोट फिरवून बघितलं. मग आण्णांकडे वळून एवढंच म्हणाल्या, "मग सांगायचं न्हवतं का मला?" आण्णा म्हणाले, "मला तरी कुठं ठावं होतं?"

यार्डात चाखलेल्या गुळानं साखर चढते का, याचाही निकाल त्याच फोननं लावला. सौद्याच्या वेळी चव बघायला जिभेवर ठेवलेल्या तुकड्यानं रेष जेमतेम हलली होती.

डॉक्टरांनी रात्रीचा डोस त्याच दिवशी बराच उतरवला आणि पुढं आलेख बघत बघत आणखी. जेवण पुन्हा दोन भाकऱ्यांवर आलं. उशाशी तीन चमचे साखरेची पुडी ठेवायची: 70 च्या खाली गेलं की पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. डोस कमी करून सकाळची साखर उतरते, हे घरच्यांना पटायला दुसरा आठवडा उजाडावा लागला. त्या आठवड्यात ती बहुतेक दिवस 130 ते 150 मध्ये होती.

सेन्सर स्वस्त नाही, दर पंधरवड्याला नवा लावणं आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना झेपत नाही. आण्णांनीही दुसरा लावला नाही. पण इन्सुलिनवर असलेल्या माणसाची सकाळची साखर कारणाशिवाय चढी राहत असेल, तर घरातल्या ग्लुकोमीटरनं दोन-तीन रात्री पहाटे अडीचला एक बोट टोचून बघा आणि तो आकडा घेऊनच डॉक्टरांकडे जा. डोस आपल्या मनानं बदलू नका. आणि रात्री उठून कोणी डबा उघडत असेल, तर ओरडायच्या आधी मोजा.