आधी डेडलिफ्ट बघायला शिका

जिम ट्रेनर व्हायचंय म्हणणाऱ्या पोरांना मी आधी डेडलिफ्ट, म्हणजे खालचा बार (वजनाचा लोखंडी दांडा) उचलून सरळ उभं राहणं, नीट बघायला सांगतो, वजन किती ते नाही, बार पावलाच्या मध्यावर आहे का, हिप मागे जातायत की नुसतीच पाठ वाकतेय, पोटात श्वास भरून मगच उचलतोय का. रिकामा ऑलिंपिक बारच 20 किलोचा, नवख्याला तोही पुरतो, फक्त तो ब्लॉकवर, म्हणजे उंच ठोकळ्यांवर ठेवा, प्लेट नसल्या की तो फार खाली असतो आणि जमिनीवरून उचलताना पाठ गोल होते. हे दिसायला लागलं की मग सर्टिफिकेट. एसीई (अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज) या संस्थेच्या पर्सनल ट्रेनर परीक्षेला वय 18 आणि सीपीआर-एईडीचं, म्हणजे हृदय बंद पडल्यावरच्या प्रथमोपचाराचं, सर्टिफिकेट लागतं, खेळाडूंसोबत काम करायचं तर सीएससीएस हे स्ट्रेंथ-कंडिशनिंगचं (ताकद आणि तंदुरुस्ती वाढवण्याचं) सर्टिफिकेट आहे, पण त्याला पदवी हवी, म्हणून कॉलेज सोडू नका रे! आणि वेटलिफ्टिंगच आवडत असेल तर पटियालाच्या एनआयएस (राष्ट्रीय क्रीडा संस्था) इथला कोचिंग डिप्लोमा नक्की बघा.