उलट्या घड्याळातील १६ सेकंद

अमेरिकी महाविद्यालयीन सॉकरमध्ये घड्याळ ४५:०० पासून शून्याकडे उलटे चालते आणि शून्य झाले की सत्र संपते. पंचांच्या मर्जीवर असणारी वाढीव मिनिटे येथे नसतात. ५ डिसेंबर २०२२ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील केरी येथे यूसीएलए (लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठ) आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांच्यात एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या स्पर्धेचा महिलांचा अंतिम सामना झाला. त्या वेळी मी आकडेनोंदणीच्या मेजावर होतो, आणि या घड्याळाच्या न्याय्यतेविषयी माझे मत तेव्हापासून डळमळीत झाले आहे.

आमच्या कामात एकजण मैदानावरून नजर न हटवता बोलत राहतो आणि दुसरा मान वर न करता टंकित करतो. गोलाबाहेर जाणारा चेंडू गोलरक्षिकेने कितीही देखणी झेप घेऊन धरला, तरी तो ‘बचाव’ म्हणून नोंदवायचा नसतो, हे समजावता समजावता प्रसिद्धीखात्यातील मंडळींपुढे घसा कोरडा पडतो. एका गोलाचे साहाय्यश्रेय दोघींना देता येते. पहिल्या सत्रात बाहेर गेलेली खेळाडू त्याच सत्रात परतू शकत नाही, दुसऱ्या सत्रात मात्र एकदा परतू शकते. हा नियम प्रशिक्षकांना सोयीप्रमाणे आठवतो.

अॅव्हेरी पॅटरसनच्या दोन गोलांमुळे नॉर्थ कॅरोलायनाने २-० अशी आघाडी घेतली. तोवर २१ एनसीएए विजेतीपदे मिळवलेला, अँसन डोरान्स यांच्यासारखा प्रशिक्षक लाभलेला आणि जवळपास घरच्याच मैदानावर खेळणारा हा संघ आता हरेल, असे आमच्या मेजावर कोणालाही वाटत नव्हते. ८०व्या मिनिटाला यूसीएलएच्या लेक्सी राइटने एक गोल फेडला. तेव्हाच्या नियमानुसार शेवटच्या पाच मिनिटांत आघाडीवरील संघाने खेळाडू बदलली, तर घड्याळ थांबवले जात असे, म्हणजे बदलीच्या निमित्ताने वेळ काढण्याची वाट बंदच होती. घड्याळात १६ सेकंद उरलेले असताना कॉर्नरवरून आलेला चेंडू रेलिन टर्नरने डोक्याने गोलात घातला आणि २-२ अशी बरोबरी झाली.

आधीच्या वर्षापर्यंत जादा वेळेतील पहिल्या गोलावर सामना संपत असे. २०२२ पासून १० मिनिटांची दोन्ही सत्रे पूर्ण खेळवणे सुरू झाले. १०७व्या मिनिटाला मारिकार्मेन रेयेसने परतलेल्या चेंडूवर गोल केला, तरी आम्हाला पुढची मिनिटे नोंदवत बसावेच लागले. सामना ३-२ असा संपला आणि मार्गरीट आओझासा यांना यूसीएलएच्या प्रशिक्षक म्हणून पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळाले.

उरलेला वेळ सर्वांना दिसतो, म्हणून हे घड्याळ अधिक न्याय्य आहे, असे मी पूर्वी ठासून सांगत असे. आता वाटते की तो दिसणे हेच आघाडीवरील संघाला जड जाते: सेकंद घटताना दिसले की पाय आपोआप स्वतःच्या गोलाकडे सरकतात, आणि पिछाडीवरील संघाला मात्र एक कॉर्नर अजून बसतो की नाही याचा नेमका हिशेब करता येतो. क्लबच्या सामन्यांत काम केलेल्या माझ्या सहकाऱ्याला हे मान्य नाही. त्याच्या मते घड्याळ कोणत्याही दिशेने चालले, तरी आघाडीवरचा संघ मागे सरकतोच. नोंदवहीत फटके सापडतात, पण कोणती बचावपटू किती पावले मागे सरकली हे सापडत नाही, त्यामुळे आमचा वाद तेथेच अडतो. डोरान्स यांचा तो शेवटचा अंतिम सामना ठरला. ऑगस्ट २०२४ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच डिसेंबरमध्ये, याच मैदानावर, नॉर्थ कॅरोलायनाने वेक फॉरेस्टला १-० असे हरवून बाविसावे विजेतेपद त्यांच्याविना मिळवले.