पळसाचं केशरी जागेवर आलं : बॅच एक्सपोर्टचा नवा अपडेट

सापडलं एकदाचं! पळसाच्या फुलांचं जे दुखणं मागच्या वेळी सांगितलं होतं, रॉथेरपीत (कॅमेऱ्याच्या रॉ फाईली एडिट करायचं फुकटचं सॉफ्टवेअर) 100 टक्क्यांवर पाहा तर पाकळी न् पाकळी सुटी, अन् बॅच, म्हणजे एकगठ्ठा फोटो, निघाल्यावर जेपेग उघडलं की निळ्या आभाळात केशरी रंग फुटलेला, ते सबसॅम्पलिंगचं, म्हणजे जेपेग करताना रंगाची माहिती कमी करण्याचं निघालं.

आधी जेपेगची क्वालिटी 92 वरून 100 केली, फाईल फुगली पण कड तशीच. आउटपुट प्रोफाईलवर संशय होता, तर ते एसआरजीबीच, म्हणजे स्क्रीनसाठीचं नेहमीचं रंगांचं प्रोफाईलच होतं. पोस्ट-रिसाइज शार्पनिंग (फोटोचा आकार बदलल्यावर कडा धारदार करणं) काढून पाहिलं, फोटो मऊ पडला, केशरी किनार काही हटेना. डोकं पार फिरून राहिलं होतं. मग त्याच फ्रेममधल्या पळसमैनेकडं लक्ष गेलं, काळ्या डोक्यावरची पिसं एकदम खणखणीत, अन् चोचीला लागून असलेल्या पाकळीचा मात्र लगदा. म्हणजे उजेडाचा तपशील शाबूत होता, फक्त रंग घसरत होता.

माझं सबसॅम्पलिंग 4:2:0 वर होतं. त्यात उजेड प्रत्येक पिक्सेलचा वेगळा जपला जातो, पण रंग 2×2 च्या चार पिक्सेलमागं एकच. झाडंझुडपं, माणसं यात ते कळतही नाही. पण जेपेगच्या उजेडाच्या हिशोबात लालचा वाटा 0.299 अन् हिरव्याचा 0.587, त्यामुळं लाल-केशरी पाकळीचा बराचसा तपशील रंगाच्याच खात्यात असतो, अन् नेमकं तेच खातं कापलं जाते. निळ्या आभाळासमोरचा पळस म्हणजे याची सगळ्यात कडक परीक्षा.

सेव्हच्या पर्यायांत सबसॅम्पलिंग 4:4:4 केलं, म्हणजे रंगही प्रत्येक पिक्सेलचा वेगळा, तोच फोटो पुन्हा एक्सपोर्ट केला, अन् पाकळीच्या टोकाची बारीक वळणदार कड जशीच्या तशी! किती वेळ झूम करून पाहत बसलो.

फाईल थोडी वाढते हे खरं. इथून नेटवर मोठा फोल्डर चढवणं म्हणजे रात्र जाते, म्हणून क्वालिटी 92 वरून 85 वर आणली, लांब बाजू 2048 पिक्सेल. 85 अन् 4:4:4 ही जोडी मला 100 अन् 4:2:0 पेक्षा कितीतरी चांगली वाटते, लाल फुलांसाठी तर डोळे मिटून हीच घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा भाऊ, फोटो म्हणून टाकलं की ते पुन्हा दाबते अन् सगळी मेहनत पाण्यात.

रॉथेरपीची क्यू, म्हणजे एक्सपोर्टसाठी लावलेल्या फोटोंची रांग, मला याच्यासाठी लई आवडते, की मधात लाईन गेली अन् लॅपटॉप बंद करावा लागला तरी उरलेली रांग पुढच्या वेळी तशीच सापडते. पैसे देऊन घ्यायच्या सॉफ्टवेअरची आपल्याला काही गरज नाही, हे माझं मत आता पक्कं झालं.

पुढं 12×18 इंचांच्या प्रिंटसाठी 5400×3600 पिक्सेलची वेगळी बॅच लावणार होतो. पण हे लिहितालिहिता सारस आठवले! धानाच्या बांधीतली ती जोडी, राखाडी अंग अन् लालभडक मान, तिच्या कडेलाही हीच किनार होती अन् मी लेन्सला दोष देऊन राहिलो होतो. रॉथेरपी ज्यात एडिट जपून ठेवते त्या पीपी3 फाईली जागेवर आहेत, एडिट पुन्हा करायचं काम नाही, फक्त सगळे निवडून क्यूत टाकायचे. तर प्रिंट नंतर, आधी सारसांचा गोंदियाचा सगळा फोल्डर 4:4:4 मध्ये काढतो.