स्कझी ड्रायव्हर आणि न मोजलेले बाइट

डिस्क ड्रायव्हरमधले (डिस्कशी बोलणाऱ्या प्रणालीच्या भागातले) काही दोष पटकन सापडतात, कारण त्यांत एखादा आकडा त्याला दिलेल्या जागेत मावेनासा झालेला असतो. स्कझी, म्हणजे डिस्क, टेप वगैरे संगणकाला जोडण्याचे मानक, त्याच्या मूळच्या सहा बाइटांच्या वाचन-आज्ञेत ब्लॉकच्या क्रमांकासाठी २१ बिट आहेत. ५१२ बाइटांचा ब्लॉक धरला, तर १ गिगाबाइटच्या पलीकडचा ब्लॉक तिच्यातून मागताच येत नाही. त्याच आज्ञेत ब्लॉकसंख्या शून्य लिहिली तर तिचा अर्थ २५६ असा होतो, आणि दहा बाइटांच्या आज्ञेत मात्र शून्य म्हणजे शून्यच. असे दोष सीमेवर हमखास दिसतात, पुन्हा पुन्हा दाखवता येतात आणि एका बैठकीत दुरुस्तही होतात. ज्या दोषाविषयी मला लिहायचे आहे, तो या जातीचा नव्हता.

सन कंपनीने १९८९ मध्ये आणलेल्या स्पार्कस्टेशन १ पासून पुढच्या अनेक यंत्रांत स्कझीसाठी एनसीआर ५३सी९० या घराण्यातील चिप आहे. याच घराण्यातल्या चिपा नेक्स्टच्या संगणकांत, मोटोरोला प्रोसेसरच्या काही मॅकिन्टॉशांत आणि डेकच्या काही अल्फा यंत्रांतही होत्या. नेटबीएसडी या मुक्त युनिक्स-प्रणालीने म्हणूनच ड्रायव्हरचे दोन भाग केले आहेत: चिपशी बोलणारा सामाईक गाभा आणि प्रत्येक यंत्राच्या डीएमए (प्रोसेसरशिवाय स्मृतीशी थेट देवाणघेवाण करणाऱ्या) रचनेपुरता वेगळा जोडभाग. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते, पण तिच्यामुळे एक प्रश्न मात्र सतत उभा राहतो. किती बाइट खरोखर डिस्कपर्यंत पोहोचले, हे गाभ्याने ठरवायचे की जोडभागाने?

एका हौशी युनिक्समध्ये याच रचनेवर बेतलेला ड्रायव्हर होता आणि त्यातून अधूनमधून खराब फायली निघत. मोठी टार फाइल (अनेक फायलींचे एकत्र गाठोडे) लिहून परत वाचली, की कधी तिची पडताळणीची बेरीज जुळे, कधी जुळत नसे. कर्नल, म्हणजे प्रणालीचा मूळ भाग, एका शब्दाने तक्रार करीत नव्हता. ना पॅरिटीची (बिटांच्या पडताळणीची) चूक, ना वेळ संपल्याचा संदेश. स्कझीच्या जगात अशा वेळी पहिला आरोप केबलवर आणि टर्मिनेटरवर (केबलच्या टोकाला लावायच्या जोडणीवर) ठेवण्याची रीत आहे. तो पुष्कळदा खराही ठरतो, म्हणूनच त्या आरोपाच्या आड ड्रायव्हरचे दोष वर्षानुवर्षे सुखाने राहतात.

अशा तपासात मी एकच साधन आधी तयार करतो: प्रत्येक चार बाइटांच्या शब्दात फाइलमधले त्याचे स्वतःचेच स्थान लिहिलेले आहे, अशी फाइल. ती लिहायची, फाइलसिस्टिम उतरवून पुन्हा चढवायची, म्हणजे वाचन कर्नलच्या स्मृतीतून न होता डिस्कवरूनच होते, आणि मग पाहायचे की कोणता शब्द कोणत्या जागी आला. केवळ ‘फरक आहे’ एवढे सांगणाऱ्या तुलनेपेक्षा ही फाइल किती तरी अधिक सांगते. इथे तिने सांगितले ते असे: बिघाड नेहमी ५१२ च्या पटीत असलेल्या एखाद्या जागेपासून सुरू होतो, तिथून पुढचा मजकूर बहुधा १६ बाइटांनी आणि क्वचित त्याहून कमी बाइटांनी अलीकडे, फाइलच्या सुरुवातीच्या दिशेने, सरकलेला असतो, आणि ज्या आज्ञेत हे घडले तिच्या शेवटी अर्थहीन बाइटांची एक छोटी शेपटी असते. पुढची आज्ञा पुन्हा निर्दोष. केबलचा दोष सेक्टरांच्या आणि आज्ञांच्या सीमा इतक्या काटेकोरपणे पाळत नाही.

१६ हा आकडा या चिपच्या ओळखीचा आहे, कारण तिच्या आतल्या फिफोची (बाइट आले त्याच क्रमाने बाहेर देणाऱ्या छोट्या रांगेची) क्षमता तेवढीच आहे. लेखनाच्या वेळी डीएमए मुख्य स्मृतीतून बाइट उचलून फिफोत भरत राहते आणि चिप ते फिफोतून बसवर, म्हणजे सगळ्या साधनांच्या सामाईक तारांवर, पाठवते. पण चिपचा मोजणी-रजिस्टर (उरलेल्या बाइटांचा आकडा) बाइट फिफोत शिरतानाच कमी होतो, बसवर जाताना नाही. डिस्कचा अंतर्गत बफर भरला, की ती मधेच थांबून ‘सेव्ह डेटा पॉइंटर’ हा संदेश देते आणि बस सोडते. त्या क्षणी फिफोत अडकलेले बाइट मोजणीच्या दृष्टीने गेलेले असतात आणि प्रत्यक्षात गेलेले नसतात. ड्रायव्हरने फिफोत किती बाइट उरले आहेत हे वाचून ती संख्या शिल्लकीत मिळवली नाही, तर डिस्क परत जोडली गेल्यावर लेखन तेवढे बाइट गाळून पुढे सुरू होते. आज्ञेच्या शेवटी डिस्कला उरलेले बाइट हवे असतात आणि स्मृतीतला मजकूर तर संपलेला असतो. अशा वेळी चिपला नुसते भरणीचे बाइट पाठवायला सांगण्याची सोय आहे, आणि ड्रायव्हर ती निमूटपणे वापरत होता. माझ्या मते मूळ दोषाइतकीच ही निमूट भरणी आक्षेपार्ह होती, कारण तिथे एक ओळ छापली असती तरी बिघाड पहिल्याच दिवशी उघड झाला असता.

वाचनाच्या दिशेला याचे उलटे रूप आहे. तिथे बाइट चिपमधून निघून डीएमएच्या छोट्या बफरमध्ये थबकतात, आणि तो बफर रिकामा करून घेतल्याशिवाय स्मृतीतला मजकूर पूर्ण झाला असे मानता येत नाही. ते काम इथे नीट केलेले होते.

शिल्लक मोजण्याचा संकेतही (कोडही) जोडभागात होता, मग बाइट का हरवत होते? उत्तरासाठी घटनांचा क्रम पाहणे आवश्यक होते, आणि इथे छापून पाहण्याची नेहमीची सवय कामाची नाही. ९६०० बॉडच्या सीरियल कन्सोलवर एक अक्षर जायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. पन्नास अक्षरांची ओळ छापेपर्यंत मिनिटाला ५४०० फेरे घेणारी डिस्क चार वेळा फिरून मोकळी होते आणि जो प्रसंग पाहायचा तोच घडत नाही. म्हणून स्मृतीत एक वर्तुळाकार नोंदवही ठेवली, प्रत्येक इंटरप्टला (चिपने प्रोसेसरचे लक्ष वेधले त्या प्रत्येक वेळी) तिच्यात रजिस्टरांच्या किमती टिपल्या आणि बिघाड घडल्यावर कर्नलच्या डीबगरमधून ती वाचली. गाभ्यातला एक फेरफार तिच्यात स्पष्ट दिसला: बसचा टप्पा बदलताच फिफो रिकामा करण्याची आज्ञा दिली जात होती आणि त्यानंतर जोडभाग फिफोतली संख्या वाचत होता. रिकाम्या फिफोत शून्यच मिळणार. दोन्ही बाजूंचा संकेत वेगवेगळा पाहिला तर निर्दोष होता, दोष केवळ क्रमाचा होता.

दुरुस्ती दोन ओळींची झाली: आधी संख्या वाचायची, मग फिफो रिकामा करायचा. रुंद बसवर चालणाऱ्या नव्या चिपांत हीच संख्या सोळा बिटांच्या शब्दांत मिळते, म्हणून तिथे ती दुप्पट करावी लागते. तो भाग प्रत्येक जोडभागात स्वतंत्रपणे तपासणे भाग पडले. भरणीच्या जागी आता कर्नल तक्रार छापतो आणि ती आज्ञा अयशस्वी ठरवतो.

यावर एक सोपा उतारा पूर्वीपासून वापरात आहे, तो म्हणजे डिस्कला मधेच बस सोडण्याची परवानगीच न देणे. सनच्या कर्नलमध्ये यासाठी ‘स्कझी ऑप्शन्स’ नावाचे चल असते आणि त्यातला एकेक बिट एकेक सोय चालू-बंद करतो. परवानगी काढली की बिघाड नाहीसा होतो, हे खरे. पण त्याच बसवर टेप असेल तर ती गुंडाळली जाईपर्यंत डिस्क ताटकळत राहते. मेमरी कार्डावर चालणारी, डिस्कच्या जागी लावायची आजची काही साधने तर मुळात बस सोडतच नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर घेतलेली चाचणी या दोषाबद्दल काहीही सिद्ध करीत नाही. चाचणीसाठी लहान बफरची जुनी, फिरणारी डिस्कच हवी, शक्यतो दोन, आणि दोन्हींवर एकाच वेळी लेखन चालू असावे.

तशी चाचणी रात्रभर चालवली तेव्हा बाइट जागच्या जागी राहिले. त्याच नोंदवहीत मात्र आणखी एक प्रसंग दिसला: चिप एका डिस्कची निवड करू पाहत असताना दुसरी डिस्क परत जोडणी मागते, निवड रद्द होते, आणि रद्द झालेली आज्ञा रांगेच्या डोक्याशी परत न जाता शेवटी जाते. त्याने मजकूर बिघडत नाही, पण लेखनांचा क्रम बदलतो आणि फाइलसिस्टिमने तो क्रम गृहीत धरलेला असू शकतो. सध्या काम त्यावर चालू आहे.