उणे वीसमधली नर्सरी: झाडांना ऊब नको, एकसारखा गारठा हवा

डिसेंबरात दापोली-गुहागरकडे पहाटेचा गारवा वाढला की बागायतदाराचे डोळे हापूसच्या मोहोराकडे लागतात. इकडे कॅनडाच्या दक्षिण ऑन्टारियोत तेव्हा पारा शून्याखाली गेलेला असतो आणि जानेवारीत एखाद्या रात्री उणे वीसला टेकतो. गावाकडून हमखास प्रश्न येतो: बर्फ पडल्यावर नर्सरीत काम तरी काय उरतं?

पुष्कळ उरतं, आणि त्यातलं सगळ्यात जोखमीचं काम म्हणजे न विकली गेलेली कुंड्यांतली झाडं वसंतापर्यंत पोचवणं. कोकणातल्या माणसाच्या मनात पहिलं येतं की झाडांना ऊब द्यावी. बाहेरच्या झुडपांच्या बाबतीत तीच चूक सगळ्यात महाग पडते.

जमिनीत लावलेल्या झाडाची मुळं खोल मातीत असतात, वर बर्फाची दुलई असते. तेच झाड कुंडीत असलं की मुळांना चारी बाजूंनी वारा लागतो, आणि मुळं फांद्यांइतकी काटक नसतात. बॉक्सवुड या सदाहरित झुडपाची फांदी उणे वीस सहज सोसते. त्याची कोवळी मुळं मात्र उणे तीन-चारलाच जातात. फसगत अशी होते की पानं एप्रिलपर्यंत हिरवी दिसतात. ऊन तापलं की आठवड्याभरात झाड तपकिरी पडतं. कुंडीतून काढून पाहावं तर मुळं काळी, आणि बोटांनी ओढली की साल सुटून हातात येते.

म्हणून नोव्हेंबरच्या मध्यानंतर, झाडं पुरती झोपली की, कुंड्या कमानीच्या बोगद्यात एकमेकींना चिकटवून ठेवतात. कडेच्या ओळींत सगळ्यात काटक झाडं, मध्ये नाजूक. झाकण्याआधी प्रत्येक कुंडीला खालून निथळेपर्यंत पाणी द्यायचं, कारण ओली माती कोरडीपेक्षा फार सावकाश थंड होते. मग वरून पांढरं, दुधी प्लास्टिक, साधारण १०० मायक्रॉनचं. आपल्याकडे पॉलिहाऊसला २०० मायक्रॉनचा पारदर्शक कागद वापरतात, तो इथे घातला तर घात होतो. फेब्रुवारीच्या उन्हात आत पंचवीस अंश होतात, झाड वसंत आला समजून डोळे फोडतं आणि त्याच रात्री ते डोळे गोठतात. पांढऱ्या कागदाखाली दिवस-रात्रीतला फरक कमी राहतो. आपल्याला हवा असतो तो एवढाच: शून्याच्या जरा खाली, पण एकसारखा गारठा. ऑक्टोबरातच झाकून टाकायची घाईही नको. झाड जागं असताना कोंडलं की ओल आत साठते आणि पानांवर राखाडी बुरशी धरते.

दुसरा शत्रू उंदीर. बर्फाखाली त्यांना खायला काही नसतं, म्हणून ते बुंध्याशी साल कुरतडतात. साल गोलाकार पूर्ण निघाली की सफरचंद असो वा मॅपल, झाड संपलं. झाकण्यापूर्वी आजूबाजूचं गवत जमिनीसरशी कापायचं आणि विषाच्या बंद पेट्या आत ठेवायच्या. जानेवारीत चार दिवस बर्फ वितळलं की बोगद्याचं तोंड उघडून कुंड्या उचलून पाहायच्या. हलक्या लागल्या तर त्याच दिवशी सकाळी पाणी. हिवाळ्यात झाडं थंडीइतकीच तहानेनेही मरतात.

पाइपांचं काम ऑक्टोबर संपायच्या आत उरकावं लागतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून बाहेरच्या लाइनमधलं पाणी कॉम्प्रेसरने फुंकून काढतात. एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून निसटते: बॉल व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तर त्याच्या गोळ्याच्या पोटात पाणी अडकतं आणि व्हॉल्व्ह तडकतो. तो अर्धा उघडा ठेवायचा.

गरम ठेवायचं घर वेगळं असतं. त्याला १५० मायक्रॉनच्या कागदाचे दोन थर असतात आणि छोट्या पंख्याने मधे हवा भरलेली असते. हा पंखा बाहेरची कोरडी हवा ओढणारा हवा. आतली दमट हवा भरली तर दोन थरांमध्ये पाणी साचतं. जोराचा बर्फ सुरू झाला की उलट करायचं, पंखा बंद करून थर खाली बसू द्यायचे आणि हीटर वाढवायचा, म्हणजे उष्णता छतापर्यंत पोचून बर्फ घसरतो. खोऱ्याने खरवडायला गेलं की कागद फाटलाच.

हीटर प्रोपेनचा किंवा नैसर्गिक वायूचा असतो, आणि त्याला बाहेरून हवेची नळी हवीच. हवा कमी पडली की ज्वलन अपुरं होतं आणि इथिलीन तयार होतो. हापूस पिकवायच्या चेंबरमध्ये सोडतात तोच हा वायू. फळ पिकवायला तो कामाचा, पण बंद घरात कळ्या आणि पानं गाळतो. हीटरजवळ टोमॅटोचं एक रोप ठेवावं. त्याची पानं देठापासून खाली वाकलेली दिसली की हीटर तपासायचा. माणसासाठी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा लावायचा.

नर्सरीला जोडलेल्या गिफ्ट शॉपची खरी विक्री नाताळाआधीच्या सहा आठवड्यांत होते, आणि तिचा राजा पॉइन्सेटिया. कोकणात तो कुंपणाला उभा असतो आणि दिवस लहान झाले की आपोआप लाल होतो. ज्यांच्या अंगणातला होत नाही त्यांनी जवळचा ट्यूबलाइट किंवा रस्त्याचा दिवा पाहावा. लाल रंगासाठी त्याला सलग लांब काळोखी रात्र लागते. इथे उत्पादक सप्टेंबरअखेरपासून रोज १४ तास अंधार देतात. दुकानात त्याला दोनच गोष्टी मारतात. पहिली म्हणजे चमकीचा कागद: कुंडीभोवती गुंडाळला की पाणी तळाशी साचून मुळं कुजतात, म्हणून कागदाला खाली भोकं पाडायची. दुसरी दारापासून गाडीपर्यंतची वाट. हे मेक्सिकोचं झाड, दहा अंशांखाली त्याला इजा होते. उणे दहामध्ये ते उघडं नेलं तर दोन दिवसांत पानं लोंबतात. म्हणून प्रत्येक कुंडी बिलाआधीच कागदी पिशवीत वरपर्यंत बांधून द्यायची आणि गाडी आधी तापवून घ्यायला सांगायचं.

नाताळाच्या कापलेल्या झाडांबद्दल थोडक्यात: घरी नेल्यावर बुंध्याची दोन-तीन सेंटिमीटरची चकती परत कापायची, कारण जुना काप डिंकाने बंद झालेला असतो. बुंध्याच्या दर इंच जाडीला दिवसाला साधारण एक लिटर पाणी लागतं. भांडं एकदा कोरडं पडलं की काप पुन्हा मिटतो.

रोपं भरायला पीट मॉससोबत (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) कोकोपीटही वापरतात, म्हणजे भारत-श्रीलंकेच्या किनाऱ्यांवरच्या सोडणांचाच भुसा. ५ किलोच्या विटेला २०-२५ लिटर पाणी लागतं, आणि हिवाळ्यात ते कोमट हवं. बर्फाळ पाण्यात वीट तासन् तास तशीच राहते. खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या सोडणाचं मीठ दोनदा धुवून काढलं नाही तर बी रुजताच टोकं करपतात. आगरातल्या सोडणाचं कोकोपीट घरी करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

आता बल्ब, कारण गावी जाताना पुष्कळांना ट्युलिप भेट न्यावेसे वाटतात. आधी कायदा: प्लांट क्वारंटाइन आदेश, २००३ प्रमाणे लावायचं रोप किंवा कंद भारतात आणायला आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं. बॅगेत लपवून नेऊ नयेत; आपल्याच वाड्यांना नवी कीड लागेल. शिवाय ट्युलिपला फुलण्याआधी १२ ते १६ आठवडे २ ते ९ अंशांत राहावं लागतं. फ्रिजमध्ये तेवढं जमलं तरी शेजारी चिकू, केळी किंवा आंबे असले की त्यांच्या इथिलीनने आतली कळी मरते. आणि तिथून वाचलेली कळी तिशीच्या उन्हात आखूड दांड्यावर कशीबशी उघडते. त्यापेक्षा इथे ज्याचा खोका अमेरिलिस म्हणून महागात विकला जातो, त्या लाल लिलीचे भाऊबंद कोकणातल्या अंगणांत आहेतच. एक तृतीयांश कंद मातीवर ठेवून लावा, आणि दांडा दिसेपर्यंत पाणी बेताचंच द्या.

जानेवारीत धुळीसारखं बारीक बेगोनियाचं बी पेरलं जातं. त्यावर माती टाकायची नाही, त्याला उजेड लागतो. पॅन्सीला उलट, अंधार. टोमॅटो मात्र मार्चअखेरपर्यंत थांबतो, कारण रोपं गोठवणारं शेवटचं हिम मेच्या मध्यापर्यंत पडू शकतं आणि सहा ते आठ आठवड्यांचं रोपच लावायला चांगलं.

बोगदे उघडायचे ते मार्च-एप्रिलच्या एखाद्या ढगाळ दिवशी. आधी दोन्ही तोंडं, काही दिवसांनी कडा, मग पूर्ण कागद. कागद गुंडाळून जवळच ठेवायचा. रात्री पुन्हा उणे पाच सांगितलं तर तो संध्याकाळी चार वाजायच्या आत परत ओढावा लागतो.