हातचं राखून

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत २००८ साली भाड्याच्या शेडमध्ये दोन लेथ घेऊन आम्ही सुरुवात केली. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, मशीनिंग करून द्यायचं, एवढंच काम. खर्चाचा हिशेब माझ्या खिशातल्या डायरीत मावायचा. पुढे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीन आल्या, माणसं चाळीसवर गेली, तेव्हा दर मार्चला प्रत्येक विभागाकडून वर्षभराच्या खर्चाचा अंदाज लिहून घ्यायला लागलो.

आलेल्या प्रत्येक आकड्यातून मी सरसकट दहा टक्के कापायचो. कुणाचे पैसे शिल्लक राहिले, तर पुढच्या वर्षी त्याला तेवढे कमी. शिस्त लागतेय असं वाटायचं.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि शिरोलीजवळ रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. पुण्याहून येणारी टूल्स अडकली. रस्ता सुटला तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांना एकदमच माल हवा होता आणि आमच्या रजिस्टरवर इन्सर्ट (मशीनवर धातू कापणारी, झिजली की बदलायची छोटी पाती) होते जेमतेम चार दिवसांचे. तेव्हा टूलरूमच्या सुपरवायझरनं मागचं कपाट उघडलं. आत महिनाभर पुरतील एवढे इन्सर्ट आणि ड्रिल. नोंद कुठेच नाही.

ऑर्डरी वेळेत गेल्या, पण मनाला लागलं. त्याला विचारलं, तर म्हणाला, "साहेब, मागितलं की तुम्ही कापताय. उरलं तर पुढच्या वर्षी मिळत नाही. टूल नाही म्हणून मशीन थांबली, तर बोलणी मला बसतात. मग वाढवूनच लिहितो."

त्याच्यावर रागवायचा मला अधिकार नव्हता. गिऱ्हाइकाचा परचेसवाला पाच टक्के कापणार हे धरून कोटेशन मीही चढंच देत होतो. आठ दिवसांचं काम बारा दिवसांचं सांगत होतो.

सरसकट कात्री त्याच वर्षी बंद केली. आता अंदाजाचे दोन भाग मागतो: नक्की लागणारा खर्च, आणि राखीव, तेही कारणासकट. एका इन्सर्टच्या कडेवर किती नग निघतात, हे मशीनवरच्या माणसाला माहीत असतं, मला नाही. म्हणून आकड्याआधी तो हिशेब विचारतो. राखीव रक्कम सगळ्यांची मिळून एकाच ठिकाणी ठेवली. पाच विभागांची अडचण एकाच महिन्यात क्वचितच येते. प्रत्येकानं वेगळं लपवलं, की गरजेपेक्षा किती तरी जास्त पैसा कपाटात अडकून पडतो. बँकेचं कॅश क्रेडिट व्याजानं वापरणाऱ्या आमच्यासारख्याला हे फार महाग पडतं. उरलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या अंदाजातून वजा करत नाही. विश्वास बसायला दोन मार्च जावे लागले.

जुलै २०२१ मध्ये महामार्ग पुन्हा बंद झाला. या वेळी जादा टूल्स रजिस्टरवर होती.

मेंटेनन्सचा आकडा मात्र मला अजूनही फुगलेला वाटतो. जुन्या मशीनचं बेअरिंग कधी जाईल हे तिथल्या माणसालाही सांगता येत नाही. त्या आकड्याला मी हात लावलेला नाही.