आंबोली घाट, रीमॅप केलेली ऑक्टाव्हिया आणि पुढचे दोनच नवे टायर

‘गाडी पुढच्या चाकांवर चालते ना साहेब? मग पुढचेच दोन टाका, मागचे नुसते फिरतात.’ पुण्यातल्या दुकानदाराचं हे वाक्य मी मुकाट्याने ऐकलं आणि सत्तावीस हजार वाचवले. ते वाचवलेले पैसे आंबोलीच्या उतारावर कसे वसूल होत होते, ते सांगायला हा वृत्तांत. ज्यांची फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी रीमॅप झालेली आहे (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली आहे) आणि जे पावसात गोव्याकडे किंवा तळकोकणात उतरणार आहेत, त्यांनी निघण्यापूर्वी वाचावा. गाडी चालवता येते, टायरवरचे आकडे वाचता येतात, एवढं धरून चालतो.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया 1.8 टीएसआय. कंपनीतून 180 पीएस ताकद आणि 250 एनएम टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर. स्टेज वन रीमॅपनंतर ट्यूनरच्या म्हणण्याप्रमाणे 230 पीएस आणि 340 एनएम. त्याचा आकडा थोडा फुगवलेला असणार, पण टॉर्क वाढलाय हे दुसऱ्या गिअरमध्ये कळतंच. ओल्या रस्त्यावर जरा पाय दाबला की पुढची चाकं जागच्या जागी भिरभिरायची, स्टिअरिंग हातातून एका बाजूला ओढलं जायचं आणि डॅशवर ट्रॅक्शनचा पिवळा दिवा दिवाळी करायचा. म्हणून पकड देणारे टायर हवे होते. अलॉय 17 इंची, साइज 225/45 आर 17. पुढे मिशेलिन पायलट स्पोर्ट 4 ची नवी जोडी टाकली. मागचे होते तसेच: वेगळ्याच कंपनीचे, 2018 सालचे, नक्षी दिसायला झकास. नखाने दाबून रबर कडक झालंय का ते बघायचं मात्र मला सुचलं नाही.

जुलैचा तिसरा आठवडा, मी आणि मेव्हणा. पुणे, कोल्हापूर, निपाणी, मग उत्तूर-आजऱ्यावरून आंबोली. हायवेवर ठिकठिकाणी काम चालू आणि डायव्हर्जन, पण नव्या टायरवर मी बेहद्द खूश. निपाणीच्या वळणावरून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना पहिल्यांदाच गाडी न ओढता, न घसरता पुढे झेपावली. ‘पैसे वसूल,’ असं मी मेव्हण्याला आजऱ्यापर्यंत चार वेळा तरी सांगितलं असेल.

आंबोलीच्या मुख्य धबधब्याजवळ नेहमीची जत्रा. मक्याची कणसं, मॅगी, रस्त्यातच लावलेल्या गाड्या. तिथून पुढे दाणोलीपर्यंतचा उतार हा या सगळ्या प्रवासातला एकमेव महत्त्वाचा तुकडा. अनेकदा उतरलोय, डोळे मिटून सांगेन कुठे काय आहे. त्या दिवशी धुकं, डोंगरावरून रस्त्यावर आलेलं पाणी, कडेला शेवाळ आणि डांबरावर डिझेलची इंद्रधनुषी साय. वेग पंचेचाळीसच्या आसपास, गिअर दुसरा. डावं वळण. पुढच्या टेम्पोचे ब्रेकलाइट लागले. मी पाय उचलला आणि ब्रेकला नुसता स्पर्श केला.

पुढचं नाक जिथे नेलं तिथे गेलं, अगदी रुळावरून गेल्यासारखं. शेपूट मात्र उजवीकडे निघाली. आवाज नाही, काही नाही. फक्त खिडकीतून दिसणारा डोंगर भलत्याच वेगाने सरकायला लागला. मेव्हण्याच्या मांडीवरचा डबा माझ्या पायाशी आला. समोरून एसटी चढत होती. मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, ईएसपीने, म्हणजे घसरती गाडी आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेने, कुठल्यातरी चाकाला ब्रेक मारल्याची कटकट तळपायाला जाणवली आणि गाडी एक हिसका देऊन सरळ झाली. एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. नुसतं बघितलं.

झालं काय ते नंतर शांतपणे कळलं. उतारावर गाडीचं वजन आधीच पुढे झुकलेलं असतं. पाय उचलला की आणखी पुढे येतं, ब्रेक लावला की आणखी. मागची चाकं हलकी होतात. चारही टायर सारखे जुने होते तेव्हा पुढचे आधी सुटायचे, स्टिअरिंग हलकं लागायचं, म्हणजे इशारा मिळायचा आणि मी हळू व्हायचो. आता पुढचे सुटतच नव्हते, त्यामुळे मी बिनधास्त, आणि सगळा हिशेब मागच्या दोन दगडांवर. ‘ताकद पुढे जाते म्हणून पकड पुढे हवी’ हे सिग्नलवरून सुटताना खरं आहे. घाट उतरताना इंजिनची ताकद लागतेच कुठे? तिथे चारही चाकं फक्त गाडी धरून ठेवायचं काम करतात.

सावंतवाडीत एका छोट्या पंक्चरवाल्याकडे थांबलो. म्हाताऱ्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या टायरवर अंगठा दाबला आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो. ‘हे नये टायर फुडे कोणी घातल्यान? म्हागचे बघलात? पत्थर झालेत.’ अर्ध्या तासात त्याने नवे मागे, जुने पुढे करून दिले. दोनशे रुपये. पुण्यातल्या काचेच्या दुकानातल्या माणसाला जे माहीत नव्हतं, ते याला अंगठ्याने कळलं.

तर पहिला नियम, आणि यावर माझ्याशी वाद घालू नका: दोनच टायर घ्यायची ऐपत असेल तर नवे मागे. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी मागेच. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि तुम्ही शिव्या देत वेग कमी करता. मागची घसरली तर सावरायला अर्धा सेकंदही मिळत नाही. आणि टायर बदलायचं कारण ‘जास्त पॉवर’ हे असेल तर दोन घेऊच नका. चार घ्या, एकाच मॉडेलचे. ते परवडत नसेल तर रीमॅप परवडला कसा?

वेंगुर्ल्यात तीन दिवस मजेत गेले. जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे ताज्या बांगड्याची आशा धरू नये. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

परत येताना तोच घाट चढलो. आता जुने टायर पुढे, म्हणजे चाकं पुन्हा भिरभिरणार, हे माहीत होतं. प्रत्येक तीव्र वळणावर आतलं चाक फिरत राहिलं, पण शेपूट जागची हलली नाही आणि मी चाळीशीत, तिसऱ्या गिअरमध्ये, साधूसारखा वर आलो. एक मात्र लक्षात ठेवा. चढावरच्या वळणात आतलं चाक हलकं होऊन फिरतं, त्यातला निम्मा दोष डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या संचाचा असतो. साधं ओपन डिफरन्शियल असेल, म्हणजे हलक्या चाकाला फिरू देणारं, तर जगातला कुठलाही टायर ते पूर्ण थांबवू शकत नाही. तिथे पाय उशिरा दाबायचा, स्टिअरिंग सरळ होत आल्यावर. फुकट आहे, करून बघा.

कोल्हापुरात पायलट स्पोर्ट 4 ची दुसरी जोडी घ्यायला एका मोठ्या दुकानात शिरलो, आणि इथे माझं डोकं फिरलं. पहिल्यांदा त्याने जे टायर आणले त्यांच्यावर तारखेचे चार आकडे होते. त्यातले पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. अडीच वर्षं जुना माल. ‘इम्पोर्टेड आहे साहेब, असाच येतो.’ जून 2020 मध्ये केंद्राने टायरची आयात प्रतिबंधित (बंद नव्हे, परवाना लागणाऱ्या) यादीत टाकल्यापासून हे उत्तर सगळ्यांना पाठ झालंय. मी नको म्हटल्यावर दहा मिनिटांत चार महिन्यांपूर्वीचे निघाले. म्हणजे होते! तारीख आणि आयएसआयचा शिक्का स्वतः वाकून बघा, टायर रिमवर चढण्याआधी.

मग बिल. टायर साडेतेरा हजाराला एक, ते ठीक. पण त्याखाली नायट्रोजन 600, टायर पॉलिश 200 आणि ‘पुढचा कॅम्बर करेक्शन’ 2400. कॅम्बर म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव. या गाडीत पुढच्या कॅम्बरला फिरवायला बोल्टच नाही. सबफ्रेम (इंजिनाखालचा सांगाडा) किंचित सरकवून दोन्ही बाजू सारख्या करता येतात, बस. हे लोक हायड्रॉलिक जॅक लावून शॉकॲब्सॉर्बरचा दांडाच वाकवतात आणि स्क्रीनवर हिरवा आकडा दाखवतात. माझा मुलगा जॅक घेऊन गाडीखाली शिरतच होता. नशीब, मी चहा प्यायला बाहेर गेलो नव्हतो. ‘मुलगा’ म्हणजे दुकानातला पोरगा, माझा नव्हे. चिडलो की मी असं लिहितो. कॅम्बर आणि नायट्रोजन दोन्ही काढायला लावले. हवेत नाहीतरी 78 टक्के नायट्रोजनच असतो. अलाइनमेंट मात्र करून घ्या आणि आधीचा-नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागा.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं. किणी टोलनाक्याजवळ पाणी प्यायला थांबलो, मेव्हणा सहज म्हणाला, ‘भावजी, या चाकावर बाहेरच्या बाजूला “आत” असं का लिहिलंय?’ हे टायर असममित नक्षीचे असतात, म्हणजे आतली आणि बाहेरची नक्षी वेगळी. एका अंगावर इंग्रजीत ‘बाहेर’ आणि दुसऱ्यावर ‘आत’ असं कोरलेलं असतं. पुढच्या डाव्या टायरचं ‘आत’ रस्त्याकडे बघत होतं. वीस-बावीस किलोमीटर मागे, पुन्हा तेच दुकान, पुन्हा तोच पोरगा. ‘चालतं साहेब असं पण.’ चालतं, पण ज्या पाण्यासाठी आणि वळणासाठी एवढे पैसे मोजले, तेच काम उलटं होतं. त्याने बदलून दिला, बॅलन्सिंगचे पैसे मागितले, मी दिले नाहीत.

हवा किती, हे इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. तेवढीच भरा, थंड टायरमध्ये. दुकानदार मायलेजच्या नावाखाली 38-40 भरून पाठवतो आणि तुम्ही टायरला नावं ठेवता. नव्या टायरवर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर घाट मारायला जाऊ नका, वरचा गुळगुळीत थर निघायला हवा. रेस ट्रॅकचे सेमी-स्लिक (जवळजवळ गुळगुळीत टायर), ट्रेडवेअर म्हणजे टिकाऊपणाचा छापलेला आकडा 200 च्या आतले, पावसाळी कोकणासाठी साफ चूक. खोबणी कमी, पाणी बाहेर पडायला जागा नाही. उन्हाळ्यात त्यांच्यासारखी मजा नाही, पण तोच टायर जूनपासून मला नको.

आणि अलॉय अजून घेतले नसतील तर 16 इंचावर 205/55 मध्येच चांगला टायर शोधा. कागलच्या पुढे डायव्हर्जनमध्ये एका खड्ड्यात असा दणका बसला की मागच्या उजव्या टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आलाय. 45 ची बुटकी कड एवढीच सोसते. तीन आठवड्यांचा टायर. त्या साइजचा एक सुटा टायर कुठे नव्या तारखेचा मिळतो का, हे आता पुण्यात शोधतोय. काचेच्या दुकानात जाणार नाही.